जीवनजलाची बखर

दिवाळी अंक घरात आला की तो आधी आजोबा चाळतात, मग दुपारची झाकपाक झाली की बायका वाचतात, आणि शेवटी तो पोरांच्या तावडीत सापडतो. अशा घरोघर फिरणाऱ्या अंकात एका शाळामास्तराने व्हिस्कीवर लेख लिहावा, याला काही वाचक नाके मुरडतील. कुणाला गडकऱ्यांचा सुधाकर आठवेल, कुणाला गल्लीतला एखादा खराखुरा सुधाकर आठवेल. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. परंतु युद्धाचा इतिहास वाचून जसे कोणी जखमी होत नाही, तसा मद्याचा इतिहास वाचून कोणी झिंगत नाही. आणि हा इतिहास तरी कसला? यात राजे आहेत, साधू आहेत, कवी आहेत, चोर आहेत, चोरांमागे धावणारे शिपाई आहेत, शिपायांना चहा पाजून फसवणारी एक धीट शेतकरीण आहे. आणि आपल्या मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्वीच्या कोर्टात बसलेला एक न्यायाधीशही आहे. तेव्हा फराळाचे ताट जरा बाजूला सारून ही बखर ऐकावी.

स्कॉटलंड हा इंग्लंडच्या डोक्यावर बसलेला डोंगराळ, पावसाळी आणि मुलखाचा थंड देश. तिथे द्राक्षे पिकत नाहीत. पिकतात ते जव. तिथल्या डोंगरी लोकांची जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत या मद्याला जे नाव होते त्याचा अर्थ 'जीवनाचे पाणी'. उच्चार साधारण 'उश्के बेहा' असा. त्यातला 'उश्के' म्हणजे पाणी. इंग्रजांच्या जिभेवर घासून घासून त्याचीच 'व्हिस्की' झाली. मठातले साधू लॅटिनमध्ये याच वस्तूला 'अक्वा व्हिटे' म्हणत; अर्थ तोच. आपल्या संस्कृतात 'जीवन' म्हणजे पाणीही आणि आयुष्यही. त्या थंडीत कुडकुडणाऱ्या लोकांनी दोन्ही अर्थ एका बाटलीत भरले इतकेच.

हे पाणी तयार कसे होते, ते आधी समजून घेतले पाहिजे, म्हणजे पुढच्या मारामाऱ्या कळतील. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तशीच सुरुवात. जव दोन-तीन दिवस भिजत घालायचे, मग फरशीवर पसरून मोड येऊ द्यायचे आणि आठवडाभर लाकडी फावड्यांनी वरखाली करीत राहायचे. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. मग ते भट्टीच्या धुरावर आणि उष्णतेवर वाळवायचे. या वाळलेल्या मोडाच्या धान्याला 'माल्ट' म्हणतात. स्कॉटलंडच्या अनेक भागांत झाडे थोडी, पण दलदलीत हजारो वर्षांचे शेवाळ व गवत कुजून दाबून बसलेले असते. त्याला 'पीट' म्हणतात. त्याच्या विटा कापून, आपण गोवऱ्या वाळवतो तशा वाळवून, लोक चुलीत घालीत. त्या धुराचा वास धान्यात उतरतो, आणि तो पुढे दहा-वीस वर्षे जात नाही.

मग माल्ट भरडायचा, कढत पाण्यात घालून त्याचे गोड पाणी काढायचे, त्यात यीस्ट घालून आंबवायचे. येथवर ती एक प्रकारची बियरच असते. खरी करामत पुढे. मद्यार्क ७८ अंश सेंटिग्रेडला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. म्हणून हे आंबवण तांब्याच्या मोठ्या भांड्यात तापवले की मद्यार्काची वाफ आधी निघते. ती वेटोळ्या नळीतून गार करून पुन्हा द्रव करायची, आणि तो द्रव पुन्हा एकदा गाळायचा. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढायची, मधली तेवढी ठेवायची. कुठली धार कुठे तोडायची हे ज्याला कळते तो खरा कारागीर. निघालेला अर्क पाण्यासारखा पांढरा स्वच्छ असतो. सोनेरी रंग येतो तो ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षे झोप काढल्यावर. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून जाते. त्याला तिथले लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. देवदूतांचा वाटा कोणी कधी अडवला नाही. भांडण झाले ते सरकारच्या वाट्यावरून.

एकाच कारखान्यात, केवळ मोडाच्या जवापासून आणि तांब्याच्या भांड्यात गाळलेली जी व्हिस्की, ती 'सिंगल माल्ट'. रसिकांमध्ये हिचा मान सर्वांत मोठा. पण गंमत अशी की, या मानाच्या पेयाने शंभर वर्षे स्वतःच्या नावाने बाजारात तोंड दाखवले नव्हते. ती कथा यथाकाल येईल.

कागदोपत्री पहिला उल्लेख सापडतो तो १४९४ सालचा. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स. त्याच्या खजिन्याच्या हिशेबात, जॉन कोर नावाच्या साधूला 'अक्वा व्हिटे' करण्यासाठी आठ 'बोल' माल्ट दिला, अशी नोंद आहे. 'बोल' हे तिथले धान्याचे जुने माप, आपल्या खंडीसारखे. पुढे १५०५ साली एडिंबरोच्या न्हावी-शस्त्रवैद्यांच्या संघाला हे पेय करण्याचा एकाधिकार मिळाला. न्हावी आणि मद्य यांचा संबंध काय, असे वाटेल; पण त्या काळी तिकडेही वस्तरा ज्याच्या हाती तोच गळू कापी, आणि मद्य हे औषध समजले जाई. औषध म्हणून घरात शिरलेली वस्तू औषधापुरती राहत नाही, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

१५७९ साली पीक बुडाले. धान्य भाकरीला पुरेना, तेव्हा पार्लमेंटने मद्य गाळायला काही काळ बंदी केली. बंदी कुणाला? तर साध्या रयतेला. उमराव आणि सरदार यांना आपल्या घरापुरते गाळण्याची मोकळीक होती. हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढची अडीचशे वर्षे या देशात मद्याचे जे जे कायदे झाले, त्यांपैकी बहुतेकांत मोठ्याला एक वाट आणि लहानाला एक कुंपण, अशीच रचना दिसते.

पहिला कर बसला १६४४ साली, सैन्याच्या खर्चासाठी. युद्धासाठी बसवलेला कर युद्ध संपल्यावर उठत नाही, हे काही नव्याने सांगायला नको. १६९० साली कलोडनच्या डंकन फोर्ब्झला, राजाची बाजू घेतल्यामुळे शत्रूने त्याची जमीन जाळली म्हणून, फेरिंटॉश येथे जवळजवळ करमुक्त गाळण्याची सनद मिळाली. हे एक प्रकारचे इनामच. या इनामावर त्याचे घराणे गबर झाले. १७८४ साली ते खालसा झाले, आणि भरपाई म्हणून सरकारने २१,५८० पौंड मोजले. फेरिंटॉशच्या मृत्यूबद्दल कवी रॉबर्ट बर्न्सने आपल्या एका कवितेत शोक केला आहे. नशिबाचा खेळ असा की, शेती बुडत चालली म्हणून याच कवीला १७८९ साली अबकारी खात्यात नोकरी धरावी लागली. दिवसा घोड्यावर बसून गावोगाव पिंपे मोजायची आणि रात्री गाणी लिहायची. अबकारी शिपायाला सैतानाने उचलून नेले म्हणून गाव आनंदाने नाचते, असे गाणेही या अबकारी शिपायानेच लिहिले.

१७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांचे राज्य एक झाले आणि कायदे लंडनला होऊ लागले. १७२५ साली माल्टवर कर आला तेव्हा ग्लासगोत दंगल उसळली. पुढे १७८४ पासून सरकारने डोंगराळ भाग आणि सखल भाग यांच्यामध्ये नकाशावर एक रेघ ओढली. वर एक कर, खाली दुसरा. सखल भागात कर भांड्याच्या मापावर बसवला. लगेच तिथल्या कारखानदारांनी रुंद, उथळ, परातीसारखी भांडी करून घेतली. त्यांत मद्य काही मिनिटांत गाळून होई. कर भांड्याला एकदाच. मग दिवसात जितके घाणे निघतील तितके काढावेत. यात कायदा पाळला गेला आणि मद्य मात्र करपट झाले. १८१४ साली तर हद्द झाली. डोंगराळ भागात ५०० गॅलनांहून लहान भांडे ठेवायचे नाही, असा हुकूम निघाला. गॅलन म्हणजे साडेचार लिटर. म्हणजे सव्वादोन हजार लिटरांचे भांडे! ज्या शेतकऱ्याच्या शेतात वीस-तीस पोती जव पिकतात त्याने एवढे भांडे भरायचे कशाने? दोनच वर्षांत, १८१६ साली, ती मर्यादा ४० गॅलनांवर आणावी लागली. पण तोवर सबंध डोंगर चोरट्या भट्ट्यांनी भरून गेला होता.

ही चोरी समजून घेतली पाहिजे. डोंगरातल्या कुळाला जमिनीचा खंड रोख भरावा लागे. जव विकायला न्यावेत तर रस्ते नाहीत, आणि ओझे फार. तेच धान्य गाळून अर्क केला की दोन लहान पिंपांत मावे आणि तट्टावर लादून रातोरात डोंगर उतरे. म्हणजे चोरट्या व्हिस्कीवर खंड वसूल होत होता, आणि जमीनदार तर स्वतःच मॅजिस्ट्रेट. आपल्याच कुळाला जबर दंड केला तर आपलाच खंड बुडेल, हे त्याला कळत होते. म्हणून खटल्यात दंड होई तो नावापुरता. दर ओढ्याकाठी धूर, दर धुरामागे टेहळणीला पोरगे, आणि दर पोराच्या तोंडात शीळ. भट्टी पकडून देणाऱ्याला सरकार पाच पौंड बक्षीस देई. त्यावर लोकांनी काढलेली तोड मासलेवाईक आहे. भट्टीची तांब्याची वेटोळी नळी झिजली की ती कुठल्या तरी उजाड जागी ठेवायची, आपणच जाऊन वर्दी द्यायची, पाच पौंड घ्यायचे आणि त्यांतून नवी नळी आणायची. सरकारी खर्चाने सरकारविरुद्धची हत्यारे!

आता त्या शेतकरणीची गोष्ट. स्पे नदीच्या खोऱ्यात कार्डो नावाचे शेत होते. तिथे १८११ पासून जॉन कमिंग आणि त्याची बायको हेलन राहत. जॉन चोरटी भट्टी चालवी आणि त्यापायी अनेकदा कोर्टाची पायरी चढलेला. पण धंद्याचे खरे डोके हेलनचे, असे सांगतात. त्या भागात शिपायांना उतरायला खाणावळ नव्हती, म्हणून ते कमिंगांकडेच येत. हेलन हसतमुखाने त्यांचे स्वागत करी, त्यांना चहापाणी देई, आणि ते पाय पसरून बसले की मागल्या दाराने जाऊन गोठ्यावर लाल निशाण चढवी. ते निशाण खोऱ्यात सगळीकडून दिसे. पाहुण्यांचा चहा संपेपर्यंत साऱ्या गावाच्या भट्ट्या जमिनीखाली गेलेल्या असत. १८२४ साली नव्या कायद्याखाली या कुटुंबाने रीतसर परवाना घेतला. पुढे हेलनची सून एलिझाबेथ हिने विधवापणी सगळा धंदा हिमतीने सांभाळला, नवा कारखाना बांधला आणि १८९३ साली तो जॉन वॉकर आणि सन्स या बड्या पेढीला विकला. आज जगभर जे 'जॉनी वॉकर' विकले जाते, त्याच्या मुळाशी या सासू-सुनांचा हात आहे, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आता मुंबईची गोष्ट सांगतो. १८२२ च्या ऑगस्टात चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला. राजाला ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी होती, दुसरी चालेना. ग्लेनलिव्हेट हे डोंगरातले एक दूरचे खोरे, चोरट्या भट्ट्यांचे माहेरघर. तिथला अर्क उत्तम, पण कायद्याने तो अस्तित्वातच नव्हता! राजाचा दरबारी अधिकारी शोधशोधून थकला. तेव्हा रॉथीमर्कसचा जमीनदार सर जॉन पीटर ग्रँट याने घरी निरोप धाडला. घरच्या कोठाराच्या किल्ल्या होत्या त्याच्या मुलीकडे, एलिझाबेथकडे. तिने जिवापाड जपून जुनी केलेली चोरटी ग्लेनलिव्हेट, मन मोठे करून, राजाच्या मुक्कामी पाठवली. म्हणजे ज्याच्या नावाने शिपाई भट्ट्या फोडीत होते, तोच चोरीचा माल चाखून खूष झाला.

एलिझाबेथने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. त्या तिच्या मृत्यूनंतर, १८९८ साली प्रसिद्ध झाल्या. तीत ती सरळ सांगते की, या भेटीची आठवण योग्य वेळी करून दिली गेली आणि तिच्या कर्जबाजारी वडिलांना हिंदुस्थानात न्यायाधीशाची जागा मिळाली. ती जागा मुंबईच्या सुप्रीम कोर्टातली. १८२८ साली ग्रँट कुटुंब मुंबईत उतरले. मराठी इतिहासाच्या वाचकाला हे नाव परके नाही. पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या मुलाच्या ताब्याबद्दल सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या सरकारने, पुणे तुमच्या हद्दीबाहेर आहे, असे म्हणून तो बजावू दिला नाही. इतर दोन न्यायाधीश वारलेले, ग्रँट एकटा. त्याने १८२९ साली कोर्टच बंद करून टाकले! पुढे विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल सरकारच्या बाजूने दिला. राजाला चोरटी व्हिस्की पुरवणारा गृहस्थ आणि कायद्याच्या अधिकारासाठी गव्हर्नराशी भांडून कोर्टाला कुलूप घालणारा न्यायाधीश एकच. माणूस हा असा दोन्ही टोकांनी जळणाऱ्या काकड्यासारखा असतो. आणि ज्याच्याशी भांडला तो माल्कमही स्कॉटच.

आणखी एक योगायोग. 'मराठ्यांचा इतिहास' लिहिणारा ग्रँट डफ १७८९ साली बॅन्फ येथे जन्मला. ग्लेनलिव्हेटचे खोरे त्याच बॅन्फ परगण्यातले. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट असलेला हा माणूस १८२२ साली प्रकृती ढासळल्यामुळे पद सोडून मायदेशी परतला. तो बखरी व दफ्तरे घेऊन इतिहास पुरा करीत होता, त्याच सुमारास त्याच्या परगण्यात व्हिस्कीचा इतिहास कूस बदलत होता.

कारण १८२३ साली नवा अबकारी कायदा झाला. गॉर्डनच्या ड्यूकने उमरावांच्या सभेत सांगितले होते की, लहान माणसाला प्रामाणिकपणे धंदा करता येईल असा कायदा करा, म्हणजे चोरी मोडायला आम्ही जमीनदार हातभार लावू. त्याप्रमाणे वर्षाला दहा पौंड परवाना आणि गॅलनमागे माफक कर ठरला. ४० गॅलनांचे भांडे पुरेसे मानले. ग्लेनलिव्हेटमध्ये पहिला परवाना १८२४ साली घेतला जॉर्ज स्मिथ या ड्यूकच्या कुळाने. झाले, शेजारी खवळले! हा फितूर झाला, याची भट्टी जाळा, यालाही आत टाका, असा ओरडा सुरू झाला. शेजारच्या जमीनदाराने दिलेली पिस्तुलांची जोडी कमरेला लावून स्मिथ कित्येक वर्षे वावरला. कायदा मोडण्यासाठी हत्यार बाळगणारे पुष्कळ. कायदा पाळण्यासाठी ज्याला पिस्तूल लागले असा हा विरळा.

पण आकडे पाहा. १८२३ साली चोरट्या गाळपाचे सुमारे १४,००० गुन्हे सरकारने पकडले होते. १८३४ साली ते ६९२ झाले, आणि १८७४ साली अवघे ६. शिपाई तेच, डोंगर तेच, माणसेही तीच. बदलले ते एवढेच की गरिबाला पाळता येईल असा कायदा झाला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तेव्हाच्या हातभट्ट्या, ट्यूबांतून होणारी दारूची ने-आण आणि श्रीमंतांची डॉक्टरी परवान्याची सोय ज्यांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. हेतू चांगला असला तरी तो गरिबाच्या गळ्यापर्यंत पोचेतो वाटेत त्याचे काय होते, हे कायदा करणाराने पाहावे लागते.

चोरी संपली आणि यंत्र आले. ईनियस कॉफी हा आयर्लंडचा अबकारी अधिकारी. चोरट्या भट्टीवाल्यांच्या हातचा मरणाचा मारही त्याने खाल्ला होता. त्याने १८३० साली एकसारखे चालणाऱ्या उंच गाळणीयंत्राचे पेटंट घेतले. तांब्याच्या भांड्यात एक घाणा काढून दुसरा घालावा लागतो. यात एका बाजूने आंबवण ओतीत राहा, दुसऱ्या बाजूने अर्क घेत राहा. धान्यही कुठलेही चालते. अर्क स्वस्त, पण चव बेताची. आयरिश कारखानदारांनी नाक मुरडले. स्कॉटांनी यंत्र उचलले. एडिंबरोच्या अँड्र्यू अशरने या फिक्या अर्कात धुरकट, कडक माल्ट मिसळून सौम्य पेय तयार केले. १८६० च्या कायद्याने ती मिसळ करणे सोपे झाले. त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना एका बारीक किडीने ग्रासले, ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि इंग्रज साहेबाच्या पेल्यात रिकामी झालेली जागा या मिश्र व्हिस्कीने पटकावली. हिंदुस्थानातल्या जिमखान्यांत सोडा घालून साहेब प्यायचा ती हीच. सिंगल माल्ट मात्र मिसळीतला मसाला होऊन राहिली. पदार्थाला चव तिची, नाव दुसऱ्याचे.

पैसा वाढला तसे लबाड आले. लीथचे पॅटिसन बंधू यांनी उधारीवर डोलारा उभा केला. लोकांना आपली व्हिस्की मागायला शिकवावे म्हणून त्यांनी शेकडो पोपट पढवून दुकानदारांना वाटले, अशी गोष्ट सांगतात. १८९८ साली डोलारा कोसळला, १९०१ साली दोघे भाऊ तुरुंगात गेले, आणि त्यांच्यामागे अनेक लहान कारखाने बुडाले. पोपटांचे पुढे काय झाले, इतिहास सांगत नाही.

मग १९०८ साली 'व्हिस्की म्हणजे काय' हे ठरवायला सरकारने चक्क रॉयल कमिशन नेमले. मिश्र व्हिस्की ही देखील व्हिस्कीच, असा त्याचा १९०९ सालचा निवाडा. पहिल्या महायुद्धात लॉइड जॉर्ज दारूच्या पाठीस लागला, आणि १९१५ च्या कायद्याने कच्चा अर्क विकायला बंदी झाली. किमान तीन वर्षे पिंपात मुरवल्याखेरीज व्हिस्की विकायची नाही, हा दंडक तेव्हाचा. दारूच्या शत्रूने केलेल्या या नियमानेच दारूची चव सुधारली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिचा आणि मंदीचा फटका कॅम्बेलटाउन या बंदराला असा बसला की, जिथे वीसवर धुराडी होती तिथे १९३४ नंतर दोनच उरली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या फेब्रुवारीत, 'पॉलिटिशन' नावाचे जहाज एरिस्के बेटाजवळ खडकावर चढले. पोटात सुमारे २,६४,००० बाटल्या! युद्धामुळे बेटावर टिपूस मिळत नव्हता. बेटकऱ्यांनी रातोरात होड्या काढल्या आणि जमिनीत, गंजीत, सशाच्या बिळात बाटल्या पुरल्या. यावर कॉम्प्टन मॅकेंझीने १९४७ साली विनोदी कादंबरी लिहिली आणि जग हसले. पण काही बेटकरी खरोखर तुरुंगात गेले, हे हसताना विसरू नये.

सिंगल माल्टचा वनवास संपवला तो विल्यम ग्रँटच्या वंशजांनी. हा ग्रँट वीस वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करीत होता. पै-पै साठवून, सात मुलगे व दोन मुली यांच्या हातांनी दगड रचून त्याने डफटाउनला कारखाना उभारला. भांडी जुनी घेतली. कुणाची, तर कार्डोच्या एलिझाबेथ कमिंगची! १८८७ च्या नाताळच्या दिवशी पहिली धार पडली. नाव ठेवले ग्लेनफिडिक. १९६३ साली या घराण्याने आपली सिंगल माल्ट तिच्या स्वतःच्या नावाने देशोदेशी विकायला काढली. धंद्यातले लोक हसले. मिसळीला सोकावलेल्या जगाला ही तिखट मूळ चव कशी रुचणार? रुचली. तेव्हापासून जाणकार गावावरून चव ओळखू लागले. आपल्याकडे देवगडचा हापूस वेगळा, रत्नागिरीचा वेगळा म्हणून वाद घालतात, तसाच हा प्रकार. स्पे नदीकाठची व्हिस्की सफरचंदासारखी, मधासारखी गोड. आयला बेटावरची लाफ्रॉइग किंवा लागावूलिन म्हणजे धूर, समुद्राचे खारे वारे आणि दवाखान्यातला टिंक्चरचा वास. ही ज्याला आवडते त्याला दुसरी आवडत नाही, आणि ज्याला आवडत नाही तो ग्लास दूर ठेवतो. स्काय बेटाची टॅलिस्कर मिरीसारखी झणझणीत. दक्षिणेच्या सखल भागातली मऊ आणि हलकी.

त्या देशात आज दीडशेच्या आसपास कारखाने आहेत. पण वैभव सरळ रेषेत वाढत नसते. १९८३ साली मागणी घटली तेव्हा पोर्ट एलन आणि ब्रोरा यांसारख्या नामांकित कारखान्यांना कुलपे लागली, गावचे हात रिकामे झाले. ब्रोरा पुन्हा पेटली २०२१ साली आणि पोर्ट एलन २०२४ साली. मधल्या काळात बंद कारखान्याच्या उरलेल्या बाटल्यांची किंमत मात्र सोन्याच्या पलीकडे गेली.

या कथेत आता आपणही आहोत. बाटल्यांच्या संख्येने स्कॉचची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून २०२२ साली भारताने फ्रान्सला मागे टाकले. २००४ साली बंगळूरची 'अमृत' ही सिंगल माल्ट थेट ग्लासगोत जाऊन उभी राहिली, आणि २०१२ साली गोव्यात तयार झालेली 'पॉल जॉन' इंग्लंडच्या बाजारात आली. तिला स्कॉच म्हणता येत नाही, कारण स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळावी आणि मुरवावी लागते. आपल्या उन्हात देवदूतांची तहान मोठी. बंगळूरला ते वर्षाला दहा टक्क्यांच्या घरात पितात. पण त्याच उन्हाने मद्य लवकर मुरते. आणि कराची कथा? तीही चालूच आहे. आपल्याकडे स्कॉचवर १५० टक्के आयातकर होता. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्यात तो प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले. जॉन कोर साधूच्या आठ बोलांचा हिशेब ठेवणारा कारकून आज असता, तर त्याला हे वाचून नवल वाटले नसते.

या सगळ्या बखरीत एक बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली. ओढ्याकाठच्या धुराची गाणी झाली, निशाण चढवणाऱ्या हेलनची गोष्ट झाली. पण बाजाराच्या दिवशी खंडाचे पैसे पिऊन घरी आलेल्या कुळांच्या बायकांची निशाणे कुठल्या गोठ्यावर चढली नाहीत आणि त्यांच्या आठवणी कुणी छापल्या नाहीत. १५७९ साली भाकरीचे धान्य भट्टीत जाऊ नये म्हणून बंदी झाली होती. कोणाच्या घरात भाकरीचे पैसे भट्टीत जातात, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि कुठल्याच कमिशनने तो सोडवलेला नाही. कारागिराच्या हाताला दाद द्यावी, तांब्याच्या भांड्याला आणि ओकच्या पिंपाला दाद द्यावी. आणि ज्या घरात या पाण्याने जीवन करपले, तिथे या बखरीतला एकही विनोद सांगू नये. जाणत्या माणसाने मधली धार तेवढी ठेवायची असते, असे त्या डोंगरातले गाळणारे शिकले, ते कित्येक पिढ्या हात भाजून घेतल्यावर.